रिव्हर्स लाइटची वायर

नोकरीत बरीच प्रकरणं हातून गेली, पण त्या पिकअपचं प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. तेव्हा मी भिवंडीत पोलीस उपनिरीक्षक होते. आता नोकरी सोडली आहे. नावं मात्र अजूनही घेणार नाही.

खारबावच्या एका काकांची पिकअप चोरीला गेली होती. वीस वर्षं कापडाच्या पॉवरलूमवर काढून त्यांनी ती घेतली होती, कापडाचे तागे वाहायला. गाडी मिळाली नाही तर या वयात पुन्हा बारा तासांची शिफ्ट, हे त्यांच्या बायकोने मला ठाण्यात दोनदा सांगितलं. 

तीन आठवड्यांनी खबर आली. पडघ्याच्या एका गोडाऊनमागे पिकअप उभी आहे, नवा रंग इतका घाईत मारलेला की दाराच्या रबरावरही उडालाय. आम्ही ती ठाण्यात आणली. चासी नंबर घासून नवा ठोकला होता आणि गाडी ज्याच्या ताब्यात सापडली त्या ताबेदाराकडे त्या नंबरचे कागद होते. प्रयोगशाळेच्या अहवालाला महिने लागणार. तोवर कागद दाखवून हा माणूस न्यायालयातून गाडी सोडवून नेणार, हे उघड होतं.

काकांनी गाडीला एक फेरी मारली. "माझीच हाय. मागं कॅमेरा व्हता, माझ्या हातानं बसवलेला."

नंबरप्लेटच्या वर दोन भोकं होती, कॅमेरा नव्हता.

ताबेदार हसला. "तो मीच लावला होता, मॅडम. खराब झाला, काढून टाकला. यांनी भोकं बघितली आणि गोष्ट रचली."

हवालदार माझ्याकडे वळून पुटपुटले, "पोराला दोन बाप झाले, मॅडम."

मी दोघांचे जबाब वेगवेगळ्या खोल्यांत घेतले. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी लिहायला मला वेळ लागतो. त्याचा एक फायदा होता. मी लिहीत असताना पडणारी शांतता समोरच्याला सोसत नाही आणि तो बोलत राहतो.

ताबेदाराला विचारलं, "कॅमेऱ्याला करंट कुठून दिला होता?"

"बॅटरीवरून, डायरेक्ट. सगळं स्वतः केलं मी, गॅरेजला गेलोच नाही."

"मग गाडी बंद केली तरी कॅमेरा चालूच राहायचा?"

"हो. म्हणजे, नाही. मॅडम, तुम्हाला गाडीतलं काय कळणार?"

मी तेही वाक्य लिहून घेतलं.

काका म्हणाले, "डाव्या रिव्हर्स लाइटवरनं घेतला करंट. गिअर टाकला का लाइट लागतो, तवाच कॅमेऱ्याचा पुढचा पडदा उजळतो." मग थांबले. अंगठा चोळत बसले. मी मान खाली घालून लिहीत राहिले.

"हसणार न्हाय ना, मॅडम?"

"नाही."

"पयल्यांदा चुकून इंडिकेटरची वायर कापली. डावीकडं वळलो का पडदा लुकलुक. बायको बोलली, गाडी डोळा मारते. मग ती परत जोडली. टेप टिकंना, म्हनून वरनं लूमचं सूत गुंडाळलं. गाठ आमचीच, तुटलेल्या धाग्याला मारतो ती."

लाजेपोटी हे त्यांनी फिर्यादीत सांगितलंच नव्हतं.

दोन पंच बोलावून पंचनामा सुरू केला. मागचा डावा दिवा खोलला. रिव्हर्सच्या वायरला जोड होता. शेजारी इंडिकेटरची कापून जोडलेली वायर, तिच्यावर मळलेलं सूत, त्यावर बारीक चपटी गाठ.

"गॅरेजवाल्याने बांधलं असेल," ताबेदार म्हणाला.

मी त्याला त्याचाच जबाब वाचून दाखवला. मग फाइलची पानं बांधायचा दोरा दोघांपुढे ठेवला. "ही गाठ मारून दाखवा."

त्याने तीनदा प्रयत्न केला. काकांनी माझ्याकडे बघत बघतच मारली. हवालदारांनी टाळी वाजवली आणि लगेच हात मागे घेतले. ताबेदाराने पाणी मागितलं. संध्याकाळपर्यंत त्याने कशेळीची एक शेड दाखवली. तिथे काकांची जुनी नंबरप्लेट आणि कॅमेरा दोन्ही मिळाले. न्यायालयाने गाडी काकांच्या ताब्यात दिली.

त्यानंतर चौकशीत "ही वस्तू तुमची का?" असं विचारणं मी सोडून दिलं. माझी म्हणायला कुणीही तयार असतो. आपल्या हातून तिच्यात काय चुकलं, हे मात्र खऱ्या मालकालाच सांगता येतं.