वाकड्या मानेच्या बाहुल्या

कमळाक्काच्या एकाही बाहुलीची मान सरळ नव्हती.

आज सकाळी ती वारली. राजेश्वर गावात, स्वतःच्या घरात.

माझी थोरली मावशी. गावाची कमळाक्का.

दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायची आणि तिन्हीसांजेला ओट्यावर बसून जुन्या लुगड्यांच्या बाहुल्या शिवायची. पोटात तुरीचा भुसा, कडुनिंबाच्या पाल्यासोबत उन्हात वाळवलेला.

चार दिवसांत भुसा खाली बसायचा आणि मान कलायची. कुणाची डावीकडं, कुणाची उजवीकडं.

"भुसा हाय. बसणारच की," म्हणायची.

गाव तिला खुरपणारी बाई म्हणून ओळखायचं. लोकांनी आपल्याला बाहुल्यावाली म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. हे मला ती एकदाच बोलली, तेही दातानं दोरा तोडता तोडता.

मला गुलबर्ग्याला कॉलेजात नोकरी लागली, तेव्हा मी तिच्या वीस बाहुल्या एका खेळण्यांच्या दुकानात नेल्या.

दुकानदारानं एकेक उचलून बघितली. "मॅडम, गुडियाँ अच्छ्याँ हैं. लेकिन सबकी गर्दन टेढी कायकू? सीधी करके लाव."

मी शहाणी. बाहुल्या घेऊन राजेश्वरला आले. मावशी रानात होती. प्रत्येकीची मानेमागची शिवण उसवली, तुराटीची काडी आत खुपसली, वरून टाके घातले.

संध्याकाळी ओट्यावर वीसजणी एनसीसीच्या परेडसारख्या ताठ.

मावशी आली. खुरपं हातातच.

"ह्या कोण गं?"

"तुझ्याच की."

"माझ्या न्हाईत. ह्या तपासणीला आलेल्या बाया दिसायल्यात."

मी हसले. ती हसली नाही.

"कामून केलीस?"

"दुकानदार तशा घेत नाही, मावशी. फिनिशिंग पाहिजे त्याला."

ती भिंतीला टेकून बसली. एकीची ताठ मान चाचपत म्हणाली, "म्हंजे माझं काम चालत न्हाई म्हण की."

मी काय करून बसले, ते मला तेव्हा कळलं.

मग तिनं अठराजणींच्या काड्या उपटून काढल्या. दोन तशाच ठेवल्या.

"ह्या तुझ्या, त्या माझ्या. बाजारात बसू दोघी. बघू कुणाच्या जात्यात."

पुढच्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या मैदानावर बचत गटांचे स्टॉल लागले. मावशी पहिल्यांदाच बाहुल्या विकायला बसली. पदर सारखा सावरत होती.

तासभर कुणी फिरकलं नाही. मी बघितलं, ती टेबलाखाली एकीची मान हळूच सरळ करून बघत होती.

तेवढ्यात एक बाई मुलीला घेऊन आली. माझ्या दोनपैकी एक ताठ बाहुली उचलली आणि कन्नडमध्ये म्हणाली, ही नीट आहे.

पोरीनं ती खांद्यावर घेतली. डोकं हनुवटीला टोचलं. ठेवून दिली.

मग मावशीची घेतली. त्या बाहुलीची मान पोरीच्या गळ्यापाशी अशी जाऊन टेकली, की पोरगी आपसूक तिला थोपटायला लागली.

"अव्वा, इदु मल्कोंडद."

आई, ही झोपली.

मावशीनं माझ्याकडं बघितलंच नाही. टेबलाखालची बाहुली काढून वर मांडली, तिची मान तिच्या मर्जीनं कलू दिली.

दुपारपर्यंत अठराच्या अठरा गेल्या.

"तुझ्या पोरी खपंनात की गं," ती पान लावत म्हणाली. "लई ताठ हाईत. सासरी कशा नांदायच्या?"

महिन्याभरात विक्रीचं ऐकून दुकानदार स्वतः राजेश्वरला आला. ओट्यावर बसून चहा प्याला. मावशीनं मुद्दाम विचारलं, "गर्दन?"

"रहने दो अक्का. वैसीच रहने दो."

त्यानंतर मावशीनं खुरपं धरलं ते फक्त स्वतःच्या परसात.

गेल्या महिन्यात तिला आठवडाभरासाठी गुलबर्ग्याच्या दवाखान्यात दाखल केलं. फॉर्म भरणाऱ्या मुलीनं मला विचारलं, "आजी काय काम करतात?"

मी तोंड उघडायच्या आत मावशीनं ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"बाहुल्या करती. अजून करती. लिही."

मुलीनं लिहिलं.

मावशीनं कागद मागून घेतला. अक्षरांवर बोट ठेवून सावकाश वाचला. मग मास्क लावला आणि डोळे मिटून पडून राहिली, चेहऱ्यावर हसू.

अखेरचा जयभीम, मावशी.