मांडवाखालचा पाचवा भाग

मामाकडून दर फेब्रुवारीत द्राक्षांची पेटी येते. सांगलीहून निघालेल्या एसटीत कुणा ओळखीच्या माणसाच्या पायाशी बसून ती साताऱ्यापर्यंत प्रवास करते आणि दुपार कलताना आमच्या ओट्यावर येऊन विसावते. झाकण उघडलं की आधी पुठ्ठ्याचा वास येतो, मग कागदाच्या कातरणांचा, आणि या दोन्हींच्या खालून, जरा उशिरानं, हिरव्या मण्यांचा. थंड, किंचित तुरट, पानांच्या सावलीत वाढलेल्या कुठल्याही गोष्टीला असतो तसा. यंदा तो वास नाकाशी पोचला तेव्हाच पेटीशेजारी ठेवलेला माझा फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. सहा वर्षांपूर्वी वाचकांच्या एका इंग्रजी संकेतस्थळावर मी लिहिलेलं एक मत अचानक लोकांना सापडलं होतं. दूरदेशीची, कधी न पाहिलेली माणसं माझी पाठ थोपटत होती. हे तुला इतक्या आधी कसं दिसलं, असं एकीनं विचारलं होतं. हात ओले आहेत म्हणून उत्तर देत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण पेटीतून वर येत होतं.

ते मत एका कादंबरीविषयी होतं, आणि ती कादंबरी एका लांबलचक मालिकेतली. परवाच तिचा तेरावा भाग आला. नायिका सुईण आहे आणि रक्तावर जगणारी आहे. तिला मरण नाही, म्हातारपण नाही. प्रत्येक भागात नवं शतक आणि नवं गाव. कधी बंदराचं शहर, कधी बर्फातलं खेडं, कधी वेढा पडलेला किल्ला. ती कुणाच्या गळ्याला दात लावत नाही. बाळंतपणात जे वाहून जातं तेवढ्यावर तिचं भागतं. एका गावात पंचवीस-तीस वर्षं राहते, शेकडो पोरं तिच्या हातांवर जन्मतात, आणि भागाच्या शेवटी ती गाठोडं उचलून निघून जाते. असलं काही वाचणाऱ्या मुलीकडे लोक कोणत्या नजरेनं बघतात ते मला ठाऊक होतं, म्हणून पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घालून मी हे वेड सांभाळलं. बोलायचं असेल तर त्या संकेतस्थळावर. तिथं वाचक पुस्तकांना चांदण्या देतात, एकपासून पाचपर्यंत, आणि खाली भांडतात. रक्त फारच कमी आहे, अशी एकाची तक्रार. इतिहास फार झाला, गोष्ट कुठाय, अशी दुसऱ्याची. त्या शतकात अंगरख्याला असली बटणं नव्हतीच, यावर एक गृहस्थ तीन परिच्छेद लिहून गेले होते. मीही लिहायचे. सावध, नेटकं, शाळेत शिकवलेल्या इंग्रजीत. माझ्या मतांकडे कुणी फिरकत नसे. पण ती पुस्तकं माझी होती, आणि निदान सातारा-सांगलीत ती दुसऱ्या कुणाचीही नाहीत, याचं मला गुपचूप सुख होतं.

सहा वर्षांपूर्वी, पदवीची परीक्षा झाल्यावर आणि नोकरी लागण्याआधी, मी कुंडलला मामाकडे राहायला गेले. दिवाळी नुकतीच झाली होती आणि बागेत विरळणी चालली होती. द्राक्षाच्या घडात मणी दाटीवाटीनं धरतात. त्यातले बरेच बारक्या कात्रीनं कापून टाकावे लागतात, तेव्हा उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. मांडव डोक्याच्या वर, घड डोळ्यांसमोर लोंबणारे. दिवसभर हात वर धरून आणि मान मागे टाकून काम करायचं. मामी आणि मामेबहीण धरून बारा बायका होत्या. मामेबहीण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. तिचं शिक्षण गावातल्या मराठी शाळेत बारावीपर्यंत. मी मांडवाच्या कडेला वाचत बसलेली बघून तिनं दुसऱ्याच दिवशी हटकलं, "काय वाचतीयास एवढं डोळं फोडून? मला बी सांग की."

मी सांगितलं. सकाळी तिच्या स्कूटीवर मागे बसून, बागेत पोचेपर्यंत, रोज थोडं थोडं. मी इंग्रजी माध्यमात शिकलेली, तरी मराठी मला येत नव्हतं असं नाही. ते कानात होतं, तोंडात नव्हतं. मी सांगायचे ते शाळेत धड्याचा सारांश लिहावा तसं. पहिलं हे झालं, मग ते झालं. ताई मध्ये फारसं काही विचारत नसे. माझी गोष्ट ती नुसती ऐकून सोडून देते असं मला वाटायचं, आणि त्याचं थोडं वाईटही वाटायचं.

मग एका सकाळी, मीही कात्री घेऊन विरळणीला लागले होते तेव्हा, पलीकडच्या ओळीतून मला माझी सुईण ऐकू आली. ताई कात्री चालवत सांगत होती आणि अकरा जणी ऐकत होत्या. तिच्या तोंडी त्या बंदराच्या शहराला पलूसच्या बाजारासारखा बाजार होता. सुईण पदर खोचून पाणी तापवायची, सासवांना खोलीबाहेर काढायची, कळा देणाऱ्या पोरीला शिव्या घालून धीर द्यायची. मी वाचलेल्या बाईला तोंडच नव्हतं की काय, असं मला वाटून गेलं.

"तिला नवरा न्हाई काय गं?" एकीनं विचारलं.

"हुता की. तीनशे वर्सांमागं मेला."

"मंग सुटली म्हणायची!"

"एवढी वर्सं जगून कंबर दुखंना तिची? हिकडं पाठवा म्हणावं विरळणीला."

"पर रगत पिती म्हंजे वंगाळच की," कुणीतरी कुरकुरलं. त्यावर सगळ्यांत म्हातारी बाई, जी सहसा बोलायची नाही, ती घडावरची नजर न काढता म्हणाली, "जे समदी नाक मुरडून टाकून देत्यात, तेवढंच ती घेती. कुणाचं काय नेलं तिनं? माझी जाऊ बघा. दिवसाढवळ्या पिती."

मांडव हसला. तेव्हापासून बागेत पाय ठेवला की पहिला प्रश्न, "सुईणबाई कुठवर आली?" आणि तो मला नसायचा, ताईला असायचा. पुस्तक माझ्या पाठीवरच्या पिशवीत असायचं, पण बायकांच्या माना ताईकडे वळायच्या. मामा म्हणाला की यंदा ओळी लवकर उरकतायत. मी हसून मान हलवली. दुसऱ्याची वाहवा ऐकताना चेहरा कसा ठेवायचा हे मला लहानपणापासून चांगलं जमतं.

चौथा भाग संपला त्या दिवसाबद्दल मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. या भागाच्या शेवटावर संकेतस्थळावरचे सगळे वाचक चिडलेले होते. गावात सुईणीवर कुणाचा संशय नाही, कुणी तिला हाकललेलं नाही, माणसं जीव लावतायत, आणि ही एका सकाळी चालू पडते. का? लेखिकेला पुढचा भाग लिहायचा होता म्हणून, दुसरं काय, असं बहुतेकांचं म्हणणं. मीही तसंच लिहून दोन चांदण्या कापल्या होत्या. मांडवाखाली तोच प्रश्न आला. "आगं, पर ती गेली का? कोण जा म्हणालं तिला?"

ताईनं हातातल्या घडातले तीन-चार मणी कापले आणि म्हणाली, "आदल्या दिशी ती एका बाळातणीची येणी घालत हुती, न्हवं का? ती बाळातीण बी हिच्याच हातावर जन्मल्याली. तिच्या केसात हिला एक पांढरा केस घावला. सुईण काय माणसांना भिती व्हय? आपल्या हातावर आल्याली पोर आपल्या आधी म्हातारी व्हायला लागली, ते बघवंना तिला. म्हणून गेली."

कात्र्या थांबल्या. पुस्तकात ती फक्त एक ओळ होती. वेणी घालताना एक पांढरा केस दिसतो आणि लेखिका लगेच चुलीवरच्या पाण्याकडे वळते. मीच ती ताईला सांगितली होती, इतर चार तपशिलांसोबत, काही राहू नये म्हणून. मी ती तीनदा वाचली होती. तिनं एकदा, खड्ड्यांच्या रस्त्यावर, वाऱ्यात ऐकली होती.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. इतकी वर्षं मी जपलेल्या घरात एक माणूस पाहुणं म्हणून आलं आणि मला कधीच न सापडलेली खोली उघडून बसलं. माझ्या हातातला घड मी इतका विरळ केला की मामीनं माझी कात्री काढून घेतली. संध्याकाळी मी संकेतस्थळावरचं माझं जुनं मत पुसलं आणि नवं लिहिलं: पांढरा केस, वेणी, न बघवणं. पाच चांदण्या. इंग्रजी माझं होतं, स्वल्पविराम जागच्या जागी होते. फक्त मत माझं नव्हतं. दुसऱ्या सकाळी स्कूटीवर ताईनं मान वळवून विचारलं, "पाचव्यात कुठं जाती गं ती?" मी म्हणाले, "पाचवा भाग नाहीये माझ्याकडे." तो पाठीवरच्या पिशवीत होता. गाडी खड्ड्यातून गेली की त्याचा कोपरा मला टोचायचा. चार दिवसांनी मी साताऱ्याला परतले.

आता तेराव्या भागात सुईण स्वतःच्या तोंडानं कबूल करते की ती गावं का सोडते. शब्द वेगळे, पण ताईचंच म्हणणं. म्हणून वाचक मागे जाऊन माझं मत उकरत होते आणि मला शहाणी ठरवत होते. पेटी आली त्याच आठवड्यातल्या रविवारी मी सांगलीची एसटी पकडली. ताई आता माधवनगरला असते. भाऊजी फौजेत आहेत आणि ती घरी ब्लाउज शिवते. मी गेले तेव्हा मशीनवरच होती. चहा झाला, घरच्यांची चौकशी झाली, आणि मग मी विचारलं, "ताई, ती बाई गाव सोडून का गेली ते तू सांगितलं होतंस. आठवतं?"

"कंची बाई?"

मी सहा वर्षं ज्याच्यावर पहारा दिला ते तिला आठवतही नव्हतं. क्षणभर मला त्याचाही राग आला. मग तिचा चेहरा उजळला. "आगं, सुईण व्हय! हाय का ती अजून?"

मी सगळं सांगितलं. मत कुठं लिहिलं, किती जणांनी वाचलं, ते आत्ता काय म्हणतायत. ती मशीनच्या चाकावर हात ठेवून ऐकत राहिली.

"आन खाली नाव तुजं," ती म्हणाली.

"हो."

"तवाच बोलली असतीस तर आणखी चार मतं दिली असती की मी. इकडं कोण इचारतंय मला." ती हसली नव्हती. कापड सुईखाली सरकवत म्हणाली, "आन पाचवा तुझ्या पिशवीत हुता."

मी मांडीवरची पिशवी उगीच सरळ केली.

"पेपराच्या कव्हरावर तूच आकडा लिवला हुतास की मोठा, पाच. इंग्रजी येत न्हाई म्हंजे आकडा बी येत न्हाई व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? पुस्तक तुजं. द्यायचं न्हवतं, न्हाई दिलंस. बायका मागं लागल्या, मंग मीच सांगितला पाचवा. तू गेल्यावर. विरळणी संपस्तोवर पुरला."

"काय सांगितलंस?" मी विचारलं. माझ्या आवाजातली भूक मलाच ऐकू आली.

तिनं दोरा दातानं तोडला. "तुला सांगते व्हय! उद्या इंग्रजीत लिवशील." आता ती हसली. पण सांगितलं नाही. निघताना विचारलं, नाक्यापर्यंत सोडायला आली तेव्हा विचारलं, तिन्ही वेळा तेच हसू आणि तेच, "सांगीन की कवातरी."

परतीच्या एसटीत मी मताच्या वर दोन ओळी घातल्या. हे म्हणणं माझं नाही. ते माझ्या मामेबहिणीचं आहे, जिनं या पुस्तकाचं एक पानही वाचलेलं नाही. कराड येईपर्यंत उत्तरं यायला लागली. कुणी मला बोल लावला नाही. सगळ्यांना एकच हवं होतं: तेराव्या भागाबद्दल तिला काय वाटतं? अगदी खरं लिहायचं, तर मला तेव्हाही बरं वाटलं नाही.

घरी आल्यावर मी मामीला फोन केला. द्राक्षं पोचली, गोड आहेत, असं सांगून झाल्यावर सहज विचारल्यासारखं त्या गोष्टीचं विचारलं. "ती व्हय!" मामी म्हणाली. "लय रडलो हुतो बघ आमी. ती म्हातारी तर काम टाकून खाली बसली हुती."

"पण शेवटी झालं काय? कुठल्या गावाला गेली ती?"

मामी आठवत राहिली. मागे तिच्या कुकरची शिट्टी झाली. "ते आता कुठं ध्यानात ऱ्हातंय गं. पर गेली न्हाई ती. व्हय, गेली न्हाई. ऱ्हायली."

"का राहिली?"

"ते तुझ्या ताईला इचार."

तेरा भागांत तेरा वेळा ती बाई गाव सोडून जाते, आणि पानं संपली तरी ते जाणं तसंच छापलेलं राहतं. माझं चोरलेलं मत राहील, त्यावरची दुरुस्ती राहील, बटणांवरचे तीन परिच्छेदही राहतील. ज्या एका भागात ती थांबली तो कुठंच लिहिलेला नाही. तो बारा बायकांच्या आठवणीतून रोज थोडा गळतोय. बंदर गेलं असेल, गावाचं नाव गेलं असेल, उरलंय ते एवढंच की सगळ्या रडल्या आणि ती राहिली. मला त्यांचा हेवा वाटतो. तो भाग त्यांना मिळाला याचा तर वाटतोच. तो त्या निवांतपणे विसरतायत, याचा जास्त वाटतो.