दफन केलेलं पान दिवाणखान्यात

मी रागात लिहितेय, सांभाळून घ्या.

आज दुपारी गोखिवऱ्याला अस्लमभाईच्या, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या नव्या फ्लॅटमध्ये कुराणखानी होती. सगळे मिळून कुराण वाचत बसलेले. मी मान वर केली तर समोर फ्रेममध्ये आमच्या घरच्या जुन्या, हाताने लिहिलेल्या कुराणाचं पहिलं पान! तीच निळी वेलबुट्टी, तेच सोनं, कोपऱ्यातल्या फुलात कसरीने पाडलेलं तेच भोक.

गेल्या वर्षी हाच म्हणाला होता, "पानं सुटलीत गं, बेअदबी होते. कब्रस्तानात रीतसर दफन करतो." जीर्ण कुराण आम्ही असंच मातीला देतो. मीच रडत रडत पांढऱ्या कापडात गुंडाळून दिलं होतं.

आज विचारलं, तर म्हणे, "एवढं सुंदर काम मातीत घालायचं?"

अरे, मग तसं सांगायचंस! मीच लावलं असतं भिंतीवर.

आणि ही नक्षीची पानं जोडीने असतात, समोरासमोर. भिंतीवर एकच होतं.

"दुसरं कुठंय, भाई? विकलंस?"

"तू आधी चहा घे."

तुमच्या घशाखाली उतरला असता तो चहा?