टँकरचे दिवस

साहेबांनी आलेखावर बोट ठेवलं. रेषा जिथे खाली टेकत होती तिथपर्यंत ते बोट सावकाश नेलं आणि म्हणाले, "या विहिरीला तर जूनपर्यंत पाणी दिसतंय. मग इथे आम्ही टँकर कशाला पाठवतोय?"

प्रश्न प्राचार्यांना होता. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सारिकाकडे पाहिलं. आलेख तिचा होता, विहीरही तिच्याच पाड्याची. ती स्वतःच्या चपलांकडे बघत उभी होती.

मी जव्हारच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. नाशिकहून इथे आले तेव्हा दोन-तीन वर्षांत बदली मागू असं ठरवलं होतं. ते राहूनच गेलं. मध्यंतरी पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांना, आर्ट्सच्यासुद्धा, एक नवा विषय आला. आकडे वाचता यावेत, आलेख समजावा, बातमीत टक्केवारी दिसली तर तिला दोन प्रश्न विचारता यावेत, एवढाच त्याचा हेतू. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, हा विषय टेक्नॉलॉजी वापरून शिकवा. समिती येणार आहे." कॉलेजला दर्जा देणारी समिती येणार असली की आमच्याकडे पडद्यांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळं धुऊन निघतं.

आमच्या कॉम्प्युटर लॅबचा भरवसा लाइटवर, आणि लाइटचा भरवसा कुणावरच नाही. म्हणून मी मुलांचे फोन वापरायचे ठरवले. एरवी वर्गात जप्त करते तेच. प्रत्येकाच्या फोनवर एक शीट उघडून दिली. शीट म्हणजे चौकटी आखलेलं पान. चौकटीत आकडे भरले की आलेख आपोआप तयार होतो, आणि कुठलाही आकडा झाकायचा, परत आणायचा, हे बोटाने करता येतं. काम सोपं होतं. आपल्या गावातली एक गोष्ट निवडा आणि रोज मोजा.

जामसरच्या एकाने सकाळची एसटी किती उशिरा येते ते मोजायला घेतलं. साखरशेतच्या एका मुलीने कोंबड्यांची अंडी मोजली. मोजलं की कोंबड्या अंडी घालायच्या थांबतात म्हणून तिच्या आईने घर डोक्यावर घेतलं. सारिका सायन्सची, मोखाड्याकडच्या एका पाड्यावरून रोज एसटीने येणारी. तिने विहीर निवडली. दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडायचा, वर ओढायचा आणि दोरी किती भिजली ते टेपने मोजायचं. तेवढं पाणी. रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी ती हे करायची आणि घाटात रेंज आली की आकडा शीटमध्ये भरायची. असा दीड-दोन महिने नेम धरणं मला स्वतःला जमलं नसतं.

मुलांच्या आलेखांचं हॉलमध्ये प्रदर्शन भरायचं होतं. त्याच्या आदल्या दुपारी तिने आलेख दाखवला. ठिपके ओळीने बसलेले, रेषा हळूहळू खाली उतरत गेलेली आणि पुढे तशीच वाढवून जूनपाशी तळाला टेकवलेली. मी विचारलं, "एवढी सरळ कशी गं?"

"रोज मोजलंय मॅडम," ती म्हणाली. ते खरंच होतं. मी पुढे काही विचारणार, तोवर प्राचार्यांनी तो आलेख मोठा छापून हॉलच्या दारासमोर लावायला पाठवलासुद्धा. त्यांना तो फारच आवडला होता.

इथे प्रॅक्टिकलच्या जगातली एक जुनी रीत सांगायला हवी. तिला रीडिंग जमवणं म्हणतात. पुस्तकात लिहिलेलं असतं की आलेख सरळ येणार. मग मुलं आधी पट्टी ठेवून रेषा ओढतात आणि नंतर तिच्यावर ठिपके मांडतात. सीनियर ज्युनियरला हे प्रेमाने शिकवतात. मी दरवर्षी यावर ओरडते आणि मुलं दरवर्षी मान डोलावून तेच करतात. घोळक्यापासून लांब पडलेल्या आकड्याला आम्ही आउटलायर म्हणतो. मी वर्गात सांगितलं होतं, आउटलायर दिसला की आधी त्याची चौकशी करा, चूक सापडली तरच काढा. मुलांनी त्यातलं 'काढा' तेवढं ऐकलं होतं.

तर हॉलमध्ये साहेब उत्तराची वाट बघत होते. तालुक्याच्या कचेरीत पाण्याचं काम बघणारे हे गृहस्थ, प्राचार्यांनी पाहुणे म्हणून बोलावलेले. प्रश्न त्यांनी आकसाने विचारला नव्हता. टँकर मोजके आणि मागणारे पाडे पुष्कळ. एखाद्या विहिरीला पाणी दिसलं तर तिथला टँकर दुसरीकडे वळवणं हे त्यांचं कामच होतं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पाड्याचं नाव विचारलं.

सारिकाने मान वर केली. "साहेब, लिहू नका," ती म्हणाली. "मी त्यातले दिवस काढलेत."

"कसले दिवस?"

"टँकरचे. टँकर आमच्या विहिरीतच रिकामा करतात. त्या दिवशी पानी कंबरभर होतं. दुसऱ्या दिवशी गुडघ्याखाली. आलेख पार वरखाली उडत होता. लायनीत बसतच नव्हता, म्हणून वरचे सगळे काढले."

प्राचार्यांचा चेहरा उतरला. आकडे खोटे ठरले असते तर हा नवा विषयच बंद पडला असता, आणि या पोरीची तर सगळ्यांसमोर शोभा झालीच होती. मी तिला म्हटलं, "फोन काढ. झाकलेल्या ओळी उघड."

तिने बोट फिरवलं आणि रेषेचं पार रूप पालटलं. ठिपके वर उसळत होते, पडत होते, पुन्हा उसळत होते. मधे एका जागी मात्र चार-पाच ठिपके तळाला चिकटले होते.

"हे खालचे काय?" साहेबांनी विचारलं.

"टँकर बिघडला होता तेव्हाचे. पहिल्याच दिवशी दोरी नुसती ओली झाली. मंग तीपण नाय. तळाशी चिखल होता. तेपण लायनीच्या बाहेर जात होते, तेपण काढले."

आता मला नीट कळलं. तिने वरचे काढले, खालचे काढले आणि मधलं तेवढं ठेवलं. जे उरलं ते विहिरीचं पाणी नव्हतंच. टँकर येऊन गेल्यावर घागरी, हंडे भरून शिल्लक राहिलेलं पाणी होतं ते. त्याची रेषा जूनपर्यंत पोचणारच, कारण टँकर येत होता. आणि तीच रेषा दाखवून टँकर बंद झाला असता.

साहेबांनी एकदा फोनकडे, एकदा छापील आलेखाकडे पाहिलं. मग म्हणाले, "अगं, पण मघाशी हे आकडे नव्हते, आता आहेत. मी कुठल्यावर विश्वास ठेवायचा?"

"दोन्ही माझेच हायेत साहेब," सारिका म्हणाली. "मघाशीचा मार्कांसाठी केला होता. हा विहिरीचा हाय."

मला तिचा इतका अभिमान वाटला की मी भिंतीवरच्या दुसऱ्याच कुणाच्या तरी तक्त्याकडे बघत राहिले.

साहेबांनी तळाचे ठिपके पुन्हा निरखले. "टँकर बिघडला ते दिवस मला चांगले आठवतात," ते म्हणाले. "तुमच्या पाड्यावरून इतके फोन आले की मला जेवायला सुचेना." त्यांनी पेन खिशात ठेवलं आणि फोनच्या पडद्याचा फोटो काढून घेतला. मग पुढच्या टेबलावर गेले. तिथे अंड्यांच्या आलेखापाशी ते बराच वेळ हसत उभे होते.

पाहुणे गेल्यावर प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, समितीसमोर तो आधीचाच आलेख राहू द्या. वाकडा बरा दिसत नाही."

"सर, आधीचा खोटा आहे."

"समितीला कुठे माहितीय तिथे टँकर येतो ते?"

"म्हणूनच," मी म्हटलं.

बरीच हुज्जत झाली. शेवटी वाकडाच आलेख लागला, पण दाराआड, पंख्याच्या बटणांशेजारी. समितीतल्या एका बाईंनी पंखा लावताना तो पाहिला आणि विचारलं, "हे असं का?" सारिकाने त्यांना टँकरपासून चिखलापर्यंत सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. विषय पुढे चालू राहिला. त्यांच्यामुळे की नुसताच, ते मला माहीत नाही.

पाड्याचा टँकर पाऊस पडेपर्यंत येत राहिला. पाड्याने जास्तीचा मागितला होता, तो मिळाला नाही. सारिकाचे आकडे कितीही खरे असले तरी टँकर होते तेवढेच होते.

एप्रिलमध्ये फिजिक्सची प्रॅक्टिकल परीक्षा झाली. परीक्षक बाहेरचे होते. सारिकाला लंबक आला. दोरीला गोळा टांगायचा, दोरीची लांबी बदलत जायची आणि झोक्याला लागणारा वेळ मोजायचा. लांबी आणि त्या वेळेचा वर्ग यांचा आलेख सरळ येतो, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. परीक्षा संपल्यावर ती लॅबबाहेर माझी वाट बघत थांबली होती.

"मॅडम, एक रीडिंग लायनीच्या बाहेर गेलं. पुन्हा घेतलं, तरी तिथंच."

"मग?"

"ठेवलं. बाजूला लिवलं, वारा होता, खिडकी लागत नाय."

परीक्षकांनी तिचे मार्क कापले. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला पूर्ण मिळाले. त्याचे सगळे ठिपके रेषेवर होते, आणि खिडकी त्याच्याच बाजूला होती. मी परीक्षकांशी भांडले, उपयोग झाला नाही. त्यानंतर दोन गोष्टी केल्या. माझ्या हातात जेवढे मार्क असतात, त्यातले काही मी रेषेबाहेरच्या ठिपक्याचं कारण सांगण्यासाठी राखून ठेवले. आणि खिडकी दुरुस्त करून घेतली.