ढोलासाठी राखलेला आवाज

आमचे हे अमेरिकेशी रोज सकाळी भांडतात. पाऊस असो, वादळ असो, खंड नाही. अमेरिकेला अजून याचा पत्ता नाही, पण त्यानं यांचं काही अडत नाही. कोपऱ्यावरच्या चहाघरात खिडकीजवळचं टेबल ठरलेलं. समोर किटली, खाण्याच्या वाफाळत्या टोपल्या, आणि अमेरिकेची बाजू मांडायला म्हातारा माक. माकला कुणी वकीलपत्र दिलेलं नाही. त्याची बहीण एकदा तिकडे महिनाभर राहून आली, तेवढ्या भांडवलावर तो बोलतो.

यांचं नाव फुंग यिउकेई. पूर्वी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. आता निवृत्त झालेत, म्हणजे घरातल्या चालू वस्तू उघडून बसतात. तरी गावात मान आहे, आणि तो आवाजामुळे.

आमचं सेकताऊ पूर्वी खरोखरचं गाव होतं. दक्षिण चीनमधलं हे ग्वांगचौ शहर वाढत वाढत आलं आणि त्याला गिळून पुढे गेलं. शेतांच्या जागी उंच इमारती आल्या, पण तळं राहिलं, ओढा राहिला आणि आमची लांब होडी राहिली. ती वर्षभर तळ्याच्या चिखलात पुरलेली असते, वाळून तडकू नये म्हणून. आमच्या जुन्या पंचांगातल्या चौथ्या महिन्यात ती वर काढायची, धुवायची, ड्रॅगनचं तोंड बसवायचं, आणि पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, सणाला, शेजारच्या गावांशी शर्यत. होडीच्या मधोमध ढोल आणि ढोलावर आमचे हे. हात ढोलावर पडतो आणि तोंडातून अशी हाक निघते की सगळी वल्ही एकदम पाण्यात जातात. आम्हा बायकांनी होडीला हात लावायचा नाही, होडीला ते चालत नाही म्हणे. होडीवाल्यांना जेवण मात्र आमच्याच हातचं चालतं.

सत्तरी गाठली की ढोल सोडायचा, असा गावचा नेम आहे. यांची सत्तरी पुढल्या वर्षी. म्हणजे यंदाचा ढोल शेवटचा. तोंडानं काही बोलत नव्हते, पण फेब्रुवारीतच ढोलाच्या काठ्या तेल लावून ठेवल्या होत्या, यावरून काय ते समजा.

आणि नेमकी त्याच वसंतात दोन्ही सरकारांना जकातीची हुक्की आली. त्यांनी आमच्या मालावर चढवली, मग आम्ही त्यांच्या मालावर, मग त्यांनी पुन्हा. आमच्या यांना तर चेवच आला. चहाघरात असा आवाज लावायचे, जणू समुद्रापलीकडे ऐकू जायला हवं. एका सकाळी मीही बरोबर होते. हे टेबलावर थाप मारून म्हणाले, "आजपासून अमेरिकेची एक वस्तू माझ्या तोंडात जाणार नाही."

माक शांतपणे म्हणाला, "मग काड्यांत धरलंय ते काय?"

"कोंबडीचा पाय."

"एवढा गुबगुबीत पाय आपल्या कोंबडीला बघितलायस कधी? तिकडून बर्फात घालून येतात ते. विचार मालकाला."

मालक एकदम गल्ल्यातली मोड निवडायला लागला. यांनी पाय हळूच टोपलीत परत ठेवला. तो यांचा किती लाडका, ते मला ठाऊक, म्हणून खरंच वाईट वाटलं. मग मी तो खाल्ला. मी कुठे शपथ घेतली होती?

ओरडून ओरडून यांचा घसा धरला, तोंड आलं. चाऊवैद्यांनी जीभ बघितली. "उष्णता झालीय अंगात. भांडण बंद करा आणि फुलझेंड्याची मुळी उकळून घ्या."

आता आली का पंचाईत. फुलझेंडा म्हणजे आमच्या जुन्या बोलीत अमेरिका. ही मुळी म्हणजे जिनसेंग, तिकडची थंड, आमची उष्ण, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अमेरिकेवर चिडून झालेली उष्णता उतरवायला अमेरिकेचीच मुळी. मला हसू आवरेना, तर हे माझ्याकडे असे बघायला लागले की रोग मीच आणलाय.

वैद्य भला माणूस. म्हणाला, "आता आपल्या शांतुंग प्रांतातही पिकवतात. आपल्या मातीतली देतो."

"बी कुठलं?"

"बी तिकडचं."

"मग नको."

दुसऱ्या दिवशी माकनं चहाघरात डिवचलं, "फुंगदादा, एवढा देशाभिमान आहे तर आपल्या ईशान्येची मुळी घे की."

त्यानं गंमत केली होती. यांनी समोरच्या दुकानातून आपली देशी मुळी आणली आणि सगळ्यांदेखत करकर चावून खाल्ली. असल्या घशाला ती उष्ण मुळी, म्हणजे चुलीत तेल. रात्रीपर्यंत नाकातून रक्त आलं आणि सकाळी उठले तो तोंडातून नुसती हवा. देशाभिमानानं नाक फुटलेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

होडीच्या पंचांचा निरोप आला, नम्र पण स्पष्ट. सणापर्यंत आवाज आला नाही तर ढोल माकच्या पुतण्याकडे. हे ऐकून माकचंच तोंड उतरलं. दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, मला काय ठाऊक हा खरंच खाईल?"

"चाळीस वर्षं ओळखता ना तुम्ही यांना?" मी म्हटलं.

औषध खरं तर घरातच होतं. आमची लेक सुकमान लॉस एंजेलिसला असते. इकडच्या कारखान्यांतले दिवे मागवून तिकडे विकायचे, असं तिचं छोटं दुकान. दर नवीन वर्षाला ती फुलझेंड्याची एक पेटी पाठवते. पेट्या कपाटात पडून राहतात, कारण बापलेकीचं पटत नाही. महामारीच्या आधीपासून ती आलेली नाही. रविवारी सकाळी तिचा फोन यायचा, तिकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ. "जेवलीस का" होतं न होतं तोच हे अमेरिकेवर घसरायचे, ती म्हणायची, "बाबा, मी काय सरकार आहे का?" आणि मग दोघं दोन्हीकडून फोन आपटायचे. मला माझ्या लेकीशी बोलायला उरायचं काय, तर ठेवलेला फोन.

त्या रविवारी फोन आला तेव्हा मी सांगितलं, "बाबांचा आवाज गेलाय." पडद्यावर यांनी तोंड उघडून दाखवलं, आवाज नाही. सुकमान आधी हसली. भांडायला कुणी नाही म्हटल्यावर काय करावं, ते तिला कळेना. आणि मग ती बोलायला लागली. दिव्यांचा माल बंदरात अडकलाय, जकात भरली तर दुकान जातं, नाही भरली तरी जातं. तिथले लोक म्हणतात, तू त्यांची, चीनवाल्यांची. "आणि बाबा, तुमचं ऐकलं की वाटतं, तुमच्या लेखीही मी त्यांचीच, अमेरिकेची," ती म्हणाली.

एवढं सगळं ती पहिल्यांदाच बोलली होती, कारण पहिल्यांदाच मधे कुणी तोंड घातलं नव्हतं. हे खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. फोन संपल्यावर उठले, कपाट उघडलं, सगळ्यात वरची पेटी काढली आणि स्वैपाकघरात जाऊन पातेलं शोधायला लागले. चाळीस वर्षांच्या संसारात पातेलं कुठे असतं ते यांना ठाऊक नाही. मी दिलं.

चार दिवसांत घोगरा का होईना, आवाज फुटला. वैद्यानं बजावलं, "कच्चा आहे. एकदा जोर लावाल तेवढाच. तो होडीवर लावा. तोवर तोंडाला कुलूप."

मग काय, घरात सगळा कारभार हातवाऱ्यांवर. मीठ हवं तर बोट, पंखा हवा तर बोट. चहाघरात हे गप्प बसायचे आणि माक बिचारा एकट्यानंच दोन्ही देशांच्या बाजू मांडायचा. मला विचाराल तर जगात इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती.

सणाच्या दिवशी सकाळपासून ओढ्यावर फटाके वाजत होते. हे पांढरा बनियन घालून, कमरेला लाल कापड बांधून, काठ्या घेऊन तयार. तेवढ्यात फोन वाजला. सुकमान. तिच्या मागे रिकामी कपाटं दिसत होती.

"बाबा, दुकान बंद केलं आज," ती म्हणाली.

मला वाटलं, आता हे म्हणणार, मी सांगत होतो की नाही. यांनी काठ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "जेवलीस का?"

ती रडायला लागली.

मी खुणा करतेय, बोलू नका, आवाज राखा, होडी. यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोलतच राहिले. दुकान गेलं तर गेलं, हात शाबूत आहेत ना, म्हणाले. तू लहान असताना मुलींना होडीत घेत नाहीत म्हणून काठावर पाय आपटून रडायचीस, आणि मी ढोलावरून तुझ्याकडेच बघत असायचो, म्हणून एकदा ताल चुकला आणि आपण हरलो, गावाला मी आजपर्यंत सांगितलं नाही, म्हणाले. मलाही सांगितलं नव्हतं. तू कुणाची म्हणून कुणी विचारलं तर सांग फुंगांची, म्हणाले. आवाज चिरकत होता, बारीक होत होता, पण थांबेनात. शेवटी "घरी ये" म्हणताना ओठ हलले, आवाज आला नाही.

दारात माक उभा. मागे होडीचे तरणे पोरगे. "फुंगदादा, चल, सगळे खोळंबलेत."

मी बाहेर जाऊन म्हटलं, "आज ते येत नाहीत. पुतण्याला बसवा ढोलावर."

"का? आवाज आला होता ना?"

"आला होता. खर्च झाला."

"कुणावर?"

"अमेरिकेवर."

माक डोळे वटारून काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात त्याला आतलं ऐकू आलं. फोनमधून सुकमान विचारत होती, "बाबा, आहात ना? बाबा?" आणि आमचे हे, आवाज नसलेले, टेबलावर बोटांनी ढोल वाजवत होते, वल्ही पाण्यात घालायच्या आधीचा तो संथ ताल, ती ऐकेपर्यंत, पुन्हा पुन्हा. मग तिकडूनही टकटक यायला लागली.

माकनं पोरांना खूण केली आणि ते सगळे पाय न वाजवता जिना उतरले. मी दार लावून घेतलं.