एकेक ओळ दोनदा

ताज्या पेपरच्या शाईचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं.

आम्ही चिकलठाण्याला राहत होतो. तेव्हा शाळेत बाईंनी मोबाइलवर वेळ लावून माझ्या मुक्ताची वाचनाची परीक्षा घेतली आणि सगळ्या पालकांसमोर म्हणाल्या, "एकेक ओळ दोनदा वाचते. घरी कुणी शिकलेलं नसलं की असंच होतं."

"तिच्या आबांना कमी ऐकू येतं, बाई! रोज त्यांना पेपर वाचून दाखवते, म्हणून दोनदा वाचते," मी भडकून बोलले.

"मार्क किती वेळ लागला त्यावर असतात," म्हणत त्यांनी पुढचं नाव पुकारलं. त्या बाईला मी अजून माफ केलं नाय.

संध्याकाळी आबांनी पेपर पुढं केला. मुक्तानं प्रत्येक ओळ एकदाच, भराभर वाचली. काही ऐकू आलं नव्हतं, तरी आबा शेवटपर्यंत मान हलवत राहिले.