पहिल्या नंबरवरचे भाऊजी

आमच्या धाकट्या भाऊजींना, म्हणजे माझ्या दिरांना, रस्त्यावर कोणी नावाने ओळखत नाही. चेनवाले कुठे बसतात विचारा, कोणीही बोट दाखवेल. बॅगेची चेन अडकली, चाक निखळलं, मूठ हातात आली, की माणसं त्यांच्याकडे जातात. बॅग टेबलावर ठेवली की भाऊजी आधी तिच्याकडे बघतात, मग मालकाकडे बघतात आणि विचारतात, "किती कोंबलंत हिच्यात?" गिऱ्हाईक ओशाळतं. मग पक्कड घेऊन चेनचा रनर दोन्ही बाजूंनी हलकेच दाबायचा, मेणबत्तीचा तुकडा चेनच्या दातांवरून फिरवायचा, आणि चेन काही तक्रार न करता सरकायला लागते.

जाड शिवणीसाठी त्यांच्याकडे एक काळं मशीन आहे, पायाने चालवायचं. दोघांनी उचलायचं म्हटलं तरी कंबर धरेल असं वजन. माझ्या सासऱ्यांच्या हातचं, म्हणून भाऊजी त्याला 'थोरले' म्हणतात. दुकान बंद करताना त्याच्यावर न चुकता चादर घालतात. माझी जाऊ म्हणते, "माझ्या अंगावर नाही घातली हो कधी यांनी अशी प्रेमाने."

पूर्वी दुकानासमोरच बसथांबा होता. माणसं धावत यायची आणि धावता धावता बॅगा तुटायच्या. भाऊजींचं छान चाललं होतं. मग थांबा गेला शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि भाऊजींचं गिऱ्हाईक त्याच बसमध्ये बसून गेलं म्हणायला हरकत नाही. तेव्हा त्यांनी वेबसाइट काढायचं मनावर घेतलं.

आता गंमत बघा. माझी सून नेमकं हेच काम करते. दुकानदारांच्या वेबसाइटा इंटरनेटवर वर आणायच्या. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला काही उमगेना. एकदा विचारलं, "वर म्हणजे कुठे गं?" तर म्हणाली, "आई, कोणी काही शोधलं की फोनवर दुकानांची रांग लागते. पुढे असेल त्याच्याकडे माणूस जातो. मागच्यापर्यंत कोणी पोचतच नाही." हे मात्र मला लगेच कळलं. रांगा मी जन्मभर पाहिल्या आहेत.

पण भाऊजी सुनेकडे गेले नाहीत. का? तर म्हणे, "घरच्या माणसाला काम दिलं की नीट रागावता येत नाही." त्यांनी कुठल्याशा जाहिरात कंपनीचा एक टायवाला गाठला. त्याने वेबसाइट केली. भाऊजींचा कोटातला फोटो, हाताची घडी, मागे निळा पडदा. बॅग औषधालासुद्धा नाही. वर मोठ्या अक्षरांत 'प्रवास-साहित्य पुनरुज्जीवन केंद्र'. हे नाव भाऊजींचं स्वतःचं. मला ते अजून एका दमात म्हणता येत नाही.

मग त्या टायवाल्याने भाऊजींचाच फोन हातात घेतला, ते लांबलचक नाव त्यात लिहिलं आणि दाखवलं. पहिल्या नंबरवर भाऊजी! "रोज सकाळी बघत चला," असं सांगून तो गेला, तो गेलाच.

भाऊजी रोज बघायला लागले. बघून झालं की मला फोन. "वहिनी, आजही पहिला!" सुनेला तर चिडवायचेच. "काय सूनबाई, तुझ्या गिऱ्हाइकांत आहे का कोणी पहिल्या नंबरवर?"

"काका, मला एकदा बघू तरी द्या."

"पहिल्यात काय बघायचं? मागे राहिलेत त्यांचं बघ जा."

ती हसून आपल्या कामाला लागायची. घरात वाद नको, हा तिचा स्वभाव. माझ्या लेकाने कुठून आणली कोण जाणे, पण चांगली आणली.

असे कितीतरी महिने गेले. भाऊजी रोज पहिले, आणि दुकानात माशा मारताहेत. फोन यायचा, पण आवाजातली कळी कोमेजत चालली होती. मग एके सकाळी त्यांचा नाही, जावेचा फोन आला. "ताई, थोरले आज दुकानातून चाललेत. न्यायला माणूस येतोय. विसारसुद्धा घेऊन ठेवलाय यांनी, मला आत्ता सांगताहेत. तुम्ही या, तुमचं ऐकतील."

ते माझं ऐकतात ही तिची समजूत. पण मी चपला घातल्या. सून म्हणाली, "थांबा, मीही येते." रस्त्यात ती नखं कुरतडत होती. म्हणाली, "आई, काका पहिले नाहीतच मुळी. फक्त त्यांच्या फोनवर आहेत. दुकानाचं पूर्ण नाव लिहून शोधलं तर ते पुढे येणारच, ते नाव दुसऱ्या कोणाचं आहे का? शिवाय रोज तेच उघडतात, तेही दुकानात बसून. फोनला वाटतं, यांना हेच बघायचंय. तो लाड करतो त्यांचे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? तेवढा एकच आनंद उरलाय त्यांना."

दुकानात पोचलो तर तो माणूस आलाच होता. टकला, हसरा, हातात पाना. खाली सतरंजी टाकून टेबलाखाली शिरला होता आणि थोरल्याचे नट सोडवत होता. भाऊजी पाठ करून उभे. जाऊ कोपऱ्यातल्या स्टुलावर, डोळ्याला पदर.

मी म्हटलं, "भाऊजी, हे काय चालवलंय?"

"वहिनी, सरळ हिशेब आहे. मी पहिल्या नंबरवर. पहिला असून कोणी येत नाही. म्हणजे लोकांना दुरुस्तीच नकोय. तुटली की फेकली, नवी आणली. संपला आपला धंदा." मग तसेच पाठमोरे म्हणाले, "मागे असतो ना, तर म्हटलं असतं, आपणच कुठेतरी कमी पडलो, अजून हातपाय मारू. पण पहिल्याने कुठे जायचं?"

माझ्या सुनेचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं हिला वेडबिड लागलं. "आई, तुमचा फोन काढा," ती म्हणाली. "त्यात तुम्ही कधी बॅग शोधली नाहीये ना?"

"मी त्यात लेकाला फोन करते आणि भजनं ऐकते."

"झकास. आता समजा तुमच्या बॅगेची चेन बिघडलीय आणि काकांना तुम्ही ओळखत नाही. फोनला विचारा. तुमच्या शब्दांत, मोठ्याने."

मी फोन तोंडापाशी धरला आणि शेजारणीला विचारावं तसं विचारलं, "अरे, बॅगेची चेन बिघडली रे, दुरुस्त कुठे होईल?" फोनने भराभर दुकानं दाखवली. एक, त्याखाली दुसरं, तिसरं. सून वाचत गेली. भाऊजी वळून बघायला लागले. त्यांचं नाव काही येईना.

सुनेने दुसरं दुकान वाचलं तेव्हा टेबलाखालून आवाज आला, "ते आपलं."

भाऊजी वाकले. "तुझं? म्हणजे तू बॅगा दुरुस्त करतोस?"

"मग काय काका, या मशीनवर रुमाल शिवू? कामाचा ढीग पडलाय, एका मशीनने भागत नाही. म्हणून तर धावत आलो."

जावेने पदर खाली घेतला. भाऊजींनी माझा फोन सुनेच्या हातातून घेतला आणि अंगठ्याने वर सरकवायला सुरुवात केली. सरकवताहेत, सरकवताहेत. सून माझा हात घट्ट धरून उभी. शेवटी तंबू विकणारा एक आणि कुत्र्यांच्या गाद्या करणारा एक, त्या दोघांच्याही खाली भाऊजी सापडले, कोट घालून, हाताची घडी घालून.

"म्हणजे मी मागे आहे," ते म्हणाले.

"हो काका," सून पुटपुटली.

"कुत्र्यांच्या गाद्यांच्याही मागे?"

"हो."

आणि काय सांगू, भाऊजी हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मागे आहे हे कळून इतका खूश झालेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. "लोकांना दुरुस्ती हवीय! अगं, ऐकलंस का? हवीय! मीच सापडत नाहीये त्यांना!" मग टेबलाखाली बघून, "ए, बाहेर ये बाबा. मशीन विकायचं नाही."

"अहो काका, दोन नट काढून झालेत!"

"मग दोन नट बसव. विसार परत घे, चहा पी, आणि जाड शिवणीचं काम साठलं असेल ते इकडे पाठव. म्हणजे तुझंही काम अडणार नाही."

तो थोडा कुरकुरला, पण नट बसवले, आणि चहा दोनदा प्यायला.

दुसऱ्या दिवसापासून सून दुकानात जाऊन बसायला लागली. काही करायची नाही, नुसती ऐकायची. आलेलं माणूस तोंडाने काय म्हणतं ते. 'चाक तुटलंय', 'चेन मधेच उघडते', 'मूठ आत जातच नाही'. तेच तिने वेबसाइटवर लिहिलं. त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली.

"हे काय, बॅगेची चेन, चाक, मूठ दुरुस्त करून मिळेल? याला काही भारदस्तपणा?"

"काका, पुनरुज्जीवन कोणाच्या तोंडात येतं?"

"माझ्या!"

शेवटी ते नाव पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत राहिलं. कोटाचा फोटो गेला, तुटक्या आणि नीट झालेल्या बॅगांचे आले. पत्ता, वेळ, सगळं नीट घातलं. ज्यांचं काम झालं त्यांना म्हणायचं, काय वाटलं ते लिहा. घरच्यांनी लिहायचं नाही, अशी सुनेची सक्त ताकीद. तोवर जावेने लिहून टाकलंच होतं, 'कारागीर उत्तम. माणूस तापट आहे पण मनाने वाईट नाही.' सुनेने ते तिला काढायला लावलं. भाऊजी म्हणाले, राहू दे, खरं तर आहे.

लगेच काही झालं नाही हो. बरेच दिवस टकल्याने पाठवलेल्या कामावरच दुकान चाललं. भाऊजी रोज विचारायचे, "कितवा?" सून म्हणायची, "थोडे वर आलात. नक्की कधी पुढे जाल ते मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही." हे ऐकून ते मला हळूच म्हणाले, "वहिनी, ही त्या टायवाल्यापेक्षा बरी. हिला माहीत नसतं तेव्हा ही तसं सांगते."

मग एका दुपारी मी तिथेच बसले होते. जाऊ जेवायला बोलवायला आली होती आणि भाऊजी उठलेही होते. तेवढ्यात एक बाई मोठी बॅग एका चाकावर फरफटत आत आली. घामाघूम. या भागातली नव्हती, आल्या आल्या पाटी वाचत होती त्यावरून कळलं.

भाऊजींना राहवलं नाही. "फोनवर बघून आलात? कितव्या नंबरवर होतो मी?"

"नंबर?" बाई गोंधळली. "तो नाही बघितला. एका बॅगेचा फोटो होता, असंच चाक गेलेली. आणि खाली लिहिलं होतं, आत्ता उघडं आहे."

भाऊजींचं तोंड जरासं उतरलं. पण बॅग त्यांनी उचलून टेबलावर घेतली.

जाऊ म्हणाली, "अहो, जेवण निवतंय. त्यांना म्हणा तासाभराने या."

"उघडं आहे असं लिहिलंय ना तिथे?" भाऊजी चष्मा पुसत म्हणाले. "मग सूनबाईला खोटं पाडू का मी? डबा इकडेच आण."

जाऊ तोंडाने पुटपुटत, पण भरभर पावलांनी घरी गेली. येताना तिने माझंही ताट आणलं. भाऊजींनी आधी चाक बसवलं, बाईला बॅग दुकानभर फिरवून बघायला लावली, आणि ती गेल्यावर मग आम्ही तिघंही थोरल्याच्या टेबलावर जेवलो.